नावेच्या मागच्या फळीवरचं चाक

ओढा ओलांडला तेव्हा अर्धी वाट सरली होती. ज्योतीराम पुढे आणि शालनबाई दहा पावलं मागे. महाळुंग्याहून चाकणपर्यंत परक्या पुरुषाबरोबर चालायचं तर तेवढं अंतर ठेवावंच लागे. आज मात्र ते दुसऱ्याच कारणानं सोयीचं होतं. मागून माणसाचे हात दिसतात. मघाशी ओढ्यात पाय धुताना ज्योतीरामनं पटक्याच्या घडीत काहीतरी खुपसलं होतं, आणि बाईंनी पाहिलं की काय म्हणून वळून बघितलं होतं.

शालनबाई गावच्या शाळेत मुलींना शिकवत. ज्योतीराम इंद्रायणीवर नाव चालवी. श्रावणापासून पाणीमोजणीचे ओव्हरसियर त्याची नाव वापरत होते. नावेच्या मागच्या फळीला त्यांनी एक यंत्र बसवलं होतं. पाण्यात बुडलेलं, पितळी वाट्यांचं चाक. धारेनं ते फिरलं की तारेतून ठोका येई, आणि साहेब कानाला भोंगा लावून ठोके मोजत. दसरा होऊन चार दिवस झाले नाहीत तोच चाक अडलं.

"मुद्दाम केलंय हे," साहेब म्हणाले. "सोमवारच्या आत चालू कर, आणि कुणी केलं तेही सांग. नाहीतर नावेचा परवाना गेला समज."

गावात बोलवा होती की मोजणी झाली की बंधारा येणार आणि काठच्या जमिनी बुडणार. शालनबाईंचेही वीस गुंठे काठालाच होते. तरी चोरून मोडतोड करणं त्यांना पटत नव्हतं. शिवाय ज्योतीरामवर आळ काही पहिल्यांदा आला नव्हता. लढाईच्या दिवसांत देहूरोडला तो एका ठेकेदाराकडे मिस्त्रीच्या हाताखाली होता. एक पाना हरवला आणि नाव याचं आलं. पुढे तो पाना ठेकेदाराच्याच गाडीत सापडला म्हणे, पण ते सांगायला महाळुंग्यात कोण येणार? बापाची नाव होती, ती त्यानं धरली, झालं.

दुरुस्ती बाईंनी काठावर बसून पाहिली होती. परवाना राहावा म्हणून चाकणला साहेबांना द्यायचा ज्योतीरामचा अर्ज त्यांना लिहायचा होता, आणि न पाहिलेलं लिहायची त्यांना सवय नव्हती. चाक ज्या टोकावर फिरे ते झिजलं होतं. ज्योतीरामनं त्यांच्याकडूनच गोधडीची सुई मागून घेतली, मोडली आणि तेल लावून दगडावर घासत तिचं नवं टोक केलं. तारेचा हिरवा गंज चिंचेनं काढला. मग वाळकी पानं पाण्यावर टाकून किती तरी वेळ नुसता बघत बसला. सुकाणूच्या वल्ह्यामागं पानं गरगरत होती, वीतभर बाजूला मात्र सरळ वाहत होती. तिथं त्यानं यंत्र बसवलं, आणि जुनी भोकं कापूस नि डांबर भरून बुजवली. बाईंनी भोंगा कानाला लावला. टक. टक. टक. देवघरातल्या घड्याळासारखं, न चुकता.

काम फार सुरेख झालं होतं. तेच त्यांना खटकत होतं. ज्याला इतकं जोडता येतं, त्याला मोडता येणार नाही?

समोरून दत्तोबाची बैलगाडी आली. काठावरची सगळ्यात मोठी जमीन दत्तोबाची.

"काय ज्योतीराम, फिरलं का सरकारचं चाक? बुडीव आमाला! आणि बाई, तुमीबी ह्याच्याच संगं?"

"अर्ज द्यायला चाललेय," बाई म्हणाल्या.

"द्या, द्या. पोहायलाबी शिकून ठेवा म्हंजी झालं!" गाडी हसत निघून गेली.

ज्योतीराम पुन्हा पुढे चालू लागला. तेव्हा बाईंनीच अंतर तोडलं. "ज्योतीरामभाऊ, पटक्यात काय आहे?"

तो थांबला. पटका सोडून त्यानं तळहात पुढे केला. काळपट पडलेला, पीळ बसलेला दोरा होता. मधेच कुठेतरी हळदीचा पिवळा रंग.

"चाकाच्या दांड्याला गुंडाळला हुता. त्यानंच टोक झिजलं."

बाईंनी दोरा ओळखला. सात पदरी, हळदीत बुडवून वाळवलेला. देवीच्या माळेसाठी त्या स्वतः वळत. खंडेनवमीला घाटावर जाऊन त्यांनी नावांना, वल्ह्यांना हळदकुंकू वाहिलं होतं, आणि वर उचलून ठेवलेल्या त्या चाकाला झेंडूची माळ बांधली होती. बांधताना मनात म्हणाल्या होत्या, आई, माझे वीस गुंठे तेवढे ठेव.

"फुलं म्याच काढली," ज्योतीराम म्हणाला. "दोरा ऱ्हायला, त्यो दिसला न्हाई."

"कधी कळलं तुम्हाला?"

"चाक उघडलं तवाच. तुमी काठावर याच्या आदी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर तुमी काय म्हणाला आसता, बाई? सोताचा आळ माज्यावर ढकलतोय, आसंच का न्हाई?"

बाईंनी मान खाली घातली. असंच म्हटलं असतं.

"साहेबाला द्यावा का वढ्यात सोडावा, मला ठरंना. म्या दिला तर म्हणतील, ह्यानंच गुंडाळला." दोरा त्यानं नीट गोळा करून पुढे धरला. "तुमची सरकारी नोकरी हाय. न्हाई म्हणालात तर म्या समजंन. पर तुमी सोताच्या हातानं द्याल का त्यो साहेबाला?"