शालनचा किल्ट आणि माझी गाडी

शालन आज सकाळी गेली. साताऱ्यात भर मैदानात किल्ट घालून उभी राहिलेली माझ्या माहितीतली एकुलती एक बाई.

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा चौकड्यांचा, निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख. नातवंडांनी विचारलं म्हणून आधीच सांगून टाकते.

आमच्या दोघींचे नवरे एकाच पलटणीच्या बँडमध्ये. तिचे बापूराव बॅगपाइप वाजवायचे, आमचे हे ड्रम. इंग्रज गेले तरी पाइप, ड्रम आणि चौकड्या पलटणीतच राहिल्या.

रिटायर होऊन ते साताऱ्याला गेले, आम्ही सांगलीला. साल पंच्याहत्तरच्या आसपास.

बापूरावांनी येताना बँडरूममधलं एक जुनं पुस्तक आणलं होतं. स्कॉटलंडच्या घराण्यांचं. प्रत्येक घराण्याच्या चौकड्या वेगळ्या, आणि प्रत्येकाचं एक झाड, ज्याची डहाळी टोपीत खोवायची.

मी मॅट्रिक, म्हणून त्यांच्याकडे गेले की वाचून दाखवायचं काम माझं.

झाडाचं ऐकल्यावर शालन उठूनच उभी राहिली. "अगं इंदे, हे तर आपलं देवकच की! आमचं कळंब हाय, तसं त्येंचं!"

त्या दिवसापासून वेड लागलं. तिला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही. आमच्या पत्रांत पोराबाळांची खुशाली दोन ओळी, बाकी सगळं स्कॉटलंड. कुणाच्या चौकडीत पिवळी रेघ आणि कुणाच्यात पांढरी, यावरून आम्ही महिना महिना अबोला धरलेला आहे.

मग बापूरावांची छाती बिघडली. डॉक्टरांनी फुंकायला बंदी घातली. पाइपची पिशवी कातड्याची, रोज कुणी वाजवली नाही तर वाळून तडकते. म्हणून शालन वाजवायला लागली.

शेजारीण म्हणाली, "तुमच्या भोंग्यानं माझी म्हस आटली." शालननं दार लावून घेतलं आणि प्रॅक्टिस चालू ठेवली.

सांगलीच्या पेठेतून मी लोकरीचं कापड आणलं. एका किल्टला आठ वार. नऊवारीपेक्षा एकच वार कमी, हे तिला फार पटलं.

दोन किल्ट शिवले. एक तिचा, एक माझा. निऱ्या अगदी मोजून, एकसारख्या, पोटावर.

बापूराव बघून इतके हसले की खोकल्याची उबळ आली. "अगं, किल्टच्या निऱ्या मागं असत्यात! म्होरं सपाट!"

"आवं, मागं? मग त्या दिसायच्या कुणाला?"

"मागनं येणाऱ्या पलटणीला."

सगळं उसवलं. परत शिवलं.

त्या वर्षी साताऱ्यात माजी सैनिकांचा मेळावा होता. लढाईत गेलेल्यांना पाइपवर सलामी द्यायची होती. बापूरावांनी कळवलं, "मी नाही, बायको वाजवेल." मंडळींनी बराच विचार करून परमिशन दिली. अट एकच, साडी नेसून.

शालन म्हणाली, "वर्दी न्हाई तर ती सलामी न्हाई. नुसतं वाजाप."

आणि मला म्हणाली, "तू ड्रमला ये. एकटीला बघून लोक येडी म्हणत्याल. दोघी असलो की बँड म्हणत्याल. तू हाईस म्हणून मी उभी ऱ्हाते."

मी म्हटलं, "येते की." आमच्या यांच्याकडून ड्रमचा ठेका मी उलट्या पातेल्यावर घोटून ठेवला होता.

मेळाव्याच्या दिवशी सांगलीहून पहिली एसटी धरली. साताऱ्याच्या स्टँडवर बायकांच्या खोलीत किल्ट घातला. खाली बघितलं तर माझ्याच पिंढऱ्या. लग्नानंतर त्या उजेडात मी बघितल्या नव्हत्या.

पाच मिनिटं उभी राहिले.

मग किल्ट काढला, पिशवीत कोंबला आणि साडी नेसले.

मैदानात बायकांच्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

शालन मैदानाच्या मधोमध आली. किल्ट, पायात लोकरीचे लांब मोजे, टोपीत कळंबाची डहाळी. शेजारी रिकामा ड्रम.

ती गेटकडे बघत होती. बराच वेळ. मागे कुणीतरी शिट्टी मारली, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या शेजारचीही हसली. मी पदर आणखी पुढे ओढला.

मग तिनं पिशवीत श्वास भरला आणि एकटीनं वाजवलं.

पहिले बापूराव खुर्चीतून उठले. सॅल्यूट केला. मग एक पेन्शनर उठला, मग दुसरा, मग सगळं मैदान. हसणं कुठल्या कुठे गेलं. शेवटी मीही उठले.

दुपारी तिच्या घरी गेले. काय सांगायचं ते ठरत नव्हतं.

तिनंच दार उघडलं. साडी नेसली होती. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"गाडी लेट झाली व्हय गं?"

"व्हय. कराडात टायर फुटला."

"चा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

पुढे जवळजवळ पन्नास वर्षं ती हेच सांगत राहिली. इंदीची गाडी लेट झाली, न्हाईतर आमी दोघी हुतो. माझ्या सुनांना सांगितलं, तिच्या नातींना सांगितलं. प्रत्येक वेळी मी शेजारी बसून मान हलवली. मला वाटतं, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विचारायचं धाडस झालं नाही.

आज तिच्या सुनेचा फोन आला. रडत म्हणाली, "मावशी, सावकाश या. आत्या म्हणायच्या, इंदीला यायला नेहमी उशीर होतो."

शालन, टायर फुटला नव्हता.

गाडी वेळेवर आली होती. मी मैदानातच होते, आणि मला तुझ्या शेजारी उभं राहायची लाज वाटली. त्या लाजेची लाज आजही वाटते.

हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

सुखानं जा.

तुझी इंदू