कुळागरातला ट्रोगन

दुर्मीळ पक्षी हा मी पोचण्याच्या जरा आधी उडून गेलेला असतो.

मोपाच्या सड्यावर असंच झालं, हरमलच्या किनाऱ्यावरही असंच. आमच्या पक्षिप्रेमी गटावर फोटो पडला की मी स्कूटरला किक मारायचो. तिथे डॉक्टर (गटाचे प्रमुख, दातांचे डॉक्टर, पण बोलणार फक्त चोचींवर!) दुर्बीण आवरत म्हणायचे, "अरे, पक्षी आत्ताच गेलो मरे!" तरी मी जायचो. खरं सांगतो, घरात बसवत नव्हतं. नातू झाल्यापासून माझी बायको सुमन बेंगळुरूला, लेकीकडे. कारापूरच्या एवढ्या मोठ्या घरात मी आणि प्रेशर कुकर. त्यातला बोलका तो.

चवथीला सुमन आली. गणपतीच्या डोक्यावर तिने माटोळी बांधली, रानातली फळं टांगून चौकट भरून टाकली. विसर्जन झालं, ती परत गेली आणि घर पुन्हा गप्प झालं.

त्याच आठवड्यात ओट्यावर दात घासताना मला समोरच्या बागेत, आमच्याच कुळागरात, ट्रोगन हा दुर्मीळ रानपक्षी दिसला! पोफळींच्या आड, सावलीत. तपकिरी पाठ, लाल पोट. तोंडातला फेस न पुसता मी फोटो काढला (धूसर आला, पण लाल आला!) आणि गटावर टाकला, "माझ्या घरी. या सगळे."

आणि खरंच सगळे आले! तोफेएवढे कॅमेरे घेऊन आले. मी माळ्यावरच्या खुर्च्या उतरवल्या, पाववाल्या पोदेराकडून उंडे घेतले, चहाचं मोठं भांडं चढवलं. दारात एवढ्या चपला बघून मला भरून आलं. पक्ष्याने चहा होईपर्यंत तरी थांबावं, एवढंच माझं मागणं होतं.

थांबला की! डासांनी आम्हाला फोडून काढलं, पण तो ढिम्म.

"हालना कसो?" कुणीतरी कुजबुजलं.

"ट्रोगन असोच बसता," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात वारा आला आणि पक्षी जागच्या जागी गर्रकन फिरला.

"दिसलें? पंख न हालयता फिरलो!" डॉक्टरांचा आवाज कापत होता. "हें आदीं कोणाकच दिसूंक ना!"

मला राहवेना. सुमनला व्हिडिओ कॉल लावला. "बघ गो, आपल्याकडे कोण आयलो!"

"अगे बाई, तो अजून आसा?" तिचा आवाज कुळागरभर घुमला. "माटोळीक हांवें केलेलो तोच तो! नारळाच्या सालीचो, सोडणाचो! पोटाक रानांतलीं तांबडीं कांगलां लायल्यात."

आरती मी डोळे मिटून म्हणतो. त्यामुळे डोक्यावर टांगलेला पक्षी या पक्षिनिरीक्षकाला दिसलाच नव्हता!

"तुमी खंय खंय भोवतात आनी हात हालवत येतात," ती सांगत होती. "एकटेच असतात. म्हटलं, ओट्यावरसून एक तरी दिसूं दे. म्हणून जाताना थंय बांधलो."

आधी डॉक्टर हसले, मग सगळेच हसत सुटले. इतक्यात गटावर मोपाहून कसलातरी फोटो पडला आणि चहा न घेताच गाड्या भुर्रकन गेल्या. मी ताटभर उंड्यांसमोर बसलो. फार एकटं वाटलं.

"गेलीं सगळीं?" सुमन अजून फोनवर होती.

"गेलीं."

"आनी तो?"

मी वर पाहिलं. "तो आसा."

मी बघेपर्यंत न उडालेला माझ्या आयुष्यातला हा पहिला पक्षी. आणि तोसुद्धा बायकोने सुंभाने बांधून ठेवला होता म्हणून!