उसवलेली काजं

मुरलीमास्तर दुपारचे कॉटवर आडवे होतात ते रागातच. डोळे मिटतात, पण राग काही निवत नाही. सात महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि चाळीस वर्षं म्हसवडच्या पेठेत कात्री चालवलेला उजवा हात लाकडासारखा झाला. आता बोटांत कशीबशी सुई धरता येते, पण मूठ वळत नाही. रोज सकाळी ते जुन्या सदऱ्यावर एक काज करायला बसतात. ते वाकडं होतं. मग डाव्या हातात अर्धं ब्लेड घेऊन टराटरा उसवायचं आणि उजव्या हाताला शिव्या घालायच्या, हा नेम. येणारा-जाणारा सांगतो, हळूहळू होईल. या ‘हळूहळू’चा मास्तरांना असा तिटकारा आलाय, की आज त्यांनी मुलाला, सुहासला, सांगून टाकलं, शिलाईचं मशीन विकून टाक. पाच वाजता गिऱ्हाईक बघायला येणार आहे.

डोळ्यांवर झापड येते न येते तोच मशीनचा आवाज सुरू होतो. मास्तर बघतात तर आपल्याच दुकानात उभे. उंबऱ्याबाहेर मात्र पेठ नाही, दवाखान्यातली व्यायामाची खोली आहे. तिथल्या दांड्यांना धरून गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत, सगळ्यांच्या सदऱ्यांना बटणं आहेत आणि काज एकालाही नाही. खाली सतरंजीवर बसून अनुसया काजं करते आहे. ती मास्तरांची बायको, तिला जाऊन तीन वर्षं झाली. हे त्यांना ठाऊक आहे, पण या घडीला त्यात काही नवल वाटत नाही.

“झालं का?” ते सवयीनं खेकसतात.

ती सदरा पुढं करते. काज वाकडं आहे. मास्तर आपसूक ब्लेड उचलतात, तोच ती त्यांचं मनगट धरते. उभ्या जन्मात तिनं त्यांना असं अडवलं नव्हतं.

“किती उसवली माझी काजं?” ती विचारते.

मास्तर म्हणतात, काम चोख नको का, पेठेत नाव आहे आपलं. त्यावर ती एका गिऱ्हाइकाच्या लग्नातल्या अकरा सदऱ्यांची आठवण काढते. अंगात ताप असताना तिनं दिवसभर बसून ते पुरे केले होते आणि यांनी भर गिऱ्हाइकांत त्यातली सहा काजं उसवून सदरे तिच्या अंगावर फेकले होते. तेव्हा ती काही बोलली नाही, म्हणून मास्तर विसरून गेले. ती विसरलेली नाही. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि इतकी वर्षं मनात ठेवलंस, याचा तिच्यावर रागही येतो.

“तवा शिव्या खायाला म्या हुते,” ती म्हणते. “आता म्या न्हाई, तर त्या हाताला धरलंय व्हय? शिव्यांनी काज सरळ झालं आसतं, तर माझं पयल्याच दिशी झालं आसतं.”

पायाखाली वाळू लागते. दुकान माणगंगेच्या कोरड्या पात्रात आहे, आणि रांगेतली माणसं लांब पलीकडच्या काठावर गेली आहेत. मास्तर खालच्या आवाजात विचारतात, “मग तुझं काज सरळ झालं कधी?”

“तुमी आठ दिस सोलापूरला गेला हुता, तवा.”

मास्तर हातातल्या ब्लेडकडं बघतात. मग म्हणतात, चुकलं माझं. ती अजून घुश्शातच असते.

“आता मला सांगून काय उपेग? म्या मेले.”

ती त्यांच्या हातातलं ब्लेड काढून घेते आणि उजव्या तळव्यावर एक बटण ठेवते. पडलं तर उचला, म्हणते, पण हाताला बोलायचं न्हाई. मग पाठ फिरवून वाळूवर बसते आणि पुढचा सदरा मांडीवर घेते. मास्तर हाक मारतात, पण ती वळून बघत नाही.

“अण्णा, तो माणूस आलाय,” दारातून सुहास सांगतो.

मास्तर जागे होतात. उन्हं कॉटवर आली आहेत. उजवा हात छातीवर आहे आणि त्याची तीन बोटं मिटलेली आहेत. मास्तर डाव्या हातानं ती बोटं सोडवतात. आत चार भोकांचं पांढरं बटण आहे, आणि तळव्यावर त्याचा गोल वळ उठला आहे. उशाजवळच्या सदऱ्याची सगळी बटणं जागच्या जागी आहेत.

“त्याला चहा पाज आणि लावून दे,” ते सुहासला सांगतात. “मशीन द्यायचं नाही.”

सुहास गेल्यावर ते बटण परत तळव्यावर ठेवतात आणि मूठ वळून बघतात. तीन बोटं थोडी वाकतात. करंगळी मात्र ताठच. शिवी अगदी ओठांवर येते. मास्तर ती गिळतात आणि करंगळीकडं बघत राहतात.

“राहू दे,” ते तिला म्हणतात. हे दोन शब्द आजवर त्यांनी कुणालाच म्हटले नव्हते.