फटीतली पेशी

सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी अरुंद फटीत शिरली होती. मोकळ्या काचेवर तिच्या आतले धागे चहूकडे पसरलेले असतात. त्यांच्यावरच तिचा आकार उभा असतो. इथे दोन्ही बाजूंनी भिंती आल्या आणि तेच धागे निमूटपणे फटीच्या दिशेनं सरळ झाले. मधलं केंद्रक तेवढं अडलं होतं. ते फुटलं तर पेशी संपणार.

धाग्यांना चमकणारा रंग दिलेला असतो, पण दिवा लावला की तो फिका पडत जातो. म्हणून क्षणभर पाहायचं, दिवा बंद करायचा आणि अंधारात थांबायचं.

"अगं, एवढी मोठी खुर्ची आहे, अंग चोरून काय बसलीस?" शेजारी बसलेली मृणाल पुटपुटली.

खरंच, माझी कोपरं बरगड्यांना चिकटली होती. लहानपणी आम्ही सगळी भावंडं एकाच खोलीत झोपायचो. कूस बदलली तरी दुसऱ्याची झोप मोडायची. आता घर ऐसपैस आहे, तरी मी पलंगाच्या कडेलाच झोपते. चीड येते स्वतःचीच.

"लाव आता," मृणाल म्हणाली.

मी दिवा लावला. केंद्रक शाबूत होतं. पेशी फटीतून पूर्ण बाहेर आली होती.

"सुटली गं!" मृणालनं माझा दंड धरला.

मी धाग्यांकडे पाहत होते. ते अजून तसेच सरळ होते, तिथे नसलेल्या भिंतींना धरून. दिवा बंद करायला हवा होता. पण ते पसरताना मला पाहायचं होतं, आणि ते फिके पडत चालले होते.