नाही म्हणायचा तास

रोह्याहून पेणला एसटीने जाताना शेजारची बाई हमखास विचारते, "काय करता?" मी सांगते, जर्मन शिकवते. मग ती मला वरपासून खालपर्यंत न्याहाळते. सुती साडी, डब्याची पिशवी, पायात साध्या चपला. यात जर्मन कुठे बसतं ते तिला उमगत नाही. "जर्मनीला जाऊन आलात?" नाही. "मग शिकलात कुठं?" इंटरनेटवर. यावर ती बहुतेक वेळा खिडकीबाहेर बघायला लागते.

बघू दे. धाटावच्या एका कंपनीत मी ऑफिसचं काम करत होते, तेव्हा जर्मनीहून मशिनं आली. सोबत जाडजूड माहितीपुस्तकं आली आणि ती वाचणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, मी वाचते. साहेब हसले. दोन पावसाळ्यांनी हसायचे थांबले. भाषा शिकायला विमान लागत नाही, हट्ट लागतो आणि बरी रेंज लागते, असं माझं मत आहे. आणि मी फटकळ आहे हे दोन्ही तालुक्यांत माहीत असल्यामुळे माझ्या मतांशी वाद घालायला फारसं कोणी येत नाही.

नोकरी सोडल्यावर मी वर्ग काढले. रोह्यात घरच्याच बाहेरच्या खोलीत, पेणला एका दुकानाच्या माडीवर. येतात त्या बहुतेक नर्सिंग झालेल्या पोरी. तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला नर्स हव्यात आणि इकडे यांना चांगली नोकरी हवी. माझ्याकडे पुस्तकं कमी, इंटरनेट भरपूर. सावकाश वाचलेल्या बातम्या, लहान मुलांच्या गोष्टींचे व्हिडिओ, शब्द उच्चारून दाखवणारे कोश, फुकटचे सराव. सगळं आहे. पण इंटरनेट म्हणजे आठवडी बाजार. मासळी घ्यायची तर कल्ले उघडून बघावे लागतात. पोरी बघत नाहीत. तयार उत्तरांचे व्हिडिओ शोधतात आणि घोकतात. रोह्याच्या एका तुकडीत सगळ्यांचा छंद एकच निघाला, बर्फाच्या डोंगरात चालणं. जी कधी नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात चालत गेली नाही, तीसुद्धा आल्प्सच्या गप्पा मारत होती. मी सगळ्यांचे फोन टेबलावर ठेवून घेतले आणि म्हटलं, आता सांगा, काल संध्याकाळी खरंच काय केलंत.

पेणच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या घरी गणपतीचा कारखाना. वडील तिच्या लहानपणीच वारले, थोरल्या काकांनी वाढवलं, नर्सिंग शिकवलं. ती दवाखान्यात नोकरी करायची आणि सीझनला कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळा रंग झाला की शेवटचं काम ते, आणि ते सगळ्यांच्या हातचं नसतं. पेणमध्ये रंगवणारे ढिगाने आहेत, आखणीला बसवण्याजोगे मोजके. हिच्या डोळ्यांसाठी गिऱ्हाईक मुद्दाम त्यांच्याकडे येतं, असं काका चारचौघांत सांगायचे.

मुलगी हुशार. ऐकणं, वाचणं, लिहिणं, तिन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास. बोलण्यात नापास. मला हे काही केल्या पटेना, कारण वर्गात सगळ्यांत चांगली तीच बोलायची. तिकडच्या एका वृद्धाश्रमाने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, पण त्यांनी सांगितलं होतं तेवढ्या मुदतीत बोलण्याचं प्रमाणपत्र पोचायला हवं होतं. नाहीतर जागा दुसरीला. एकदाच पुन्हा बसण्याएवढा वेळ उरला होता.

आता ही बोलण्याची परीक्षा काय असते, ते सांगते. दोघांना समोरासमोर बसवतात आणि मिळून काहीतरी ठरवायला लावतात. समजा, आजारी मैत्रिणीला भेटायला जायचंय. कधी जायचं, काय न्यायचं, कसं जायचं? तुम्ही सुचवायचं, समोरच्याने खोडायचं, कारण द्यायचं, दुसरं सुचवायचं, मग कुठेतरी जमवून आणायचं. मी वर्गात असे व्हिडिओ लावले की पोरी म्हणायच्या, "मॅडम, ही दोघं भांडतायत का?"

माझी एक जर्मन आजी आहे. रक्ताची नाही, इंटरनेटची. निवृत्त शाळामास्तरीण, एका लहानशा गावात एकटी राहते, आणि भाषा शिकणाऱ्यांशी गप्पा मारायच्या एका साइटवर मला भेटली. कित्येक वर्षं ती माझ्या चुका काढते आहे, आणि मी तिला आमटीत कोकम कधी घालायचं ते शिकवते आहे. तीही माझ्यासारखीच तोंडाची. मी तिला म्हटलं, माझ्या या पोरीला जरा तपासून बघ.

व्हिडिओ कॉल लावला. विषय तोच, आजारी मैत्रीण. आजी म्हणाली, फुलं नेऊ. पोरगी म्हणाली, "गूटे इडे." छान कल्पना. आजी म्हणाली, नको, केक नेऊ. छान कल्पना. आजी हाडाची मास्तरीण, तिला दुखणं कळलं. ती म्हणाली, मैत्रिणीचा पाय मोडलाय ना, तिला बर्फावरून घसरायला घेऊन जाऊ.

"गूटे इडे," आमची बाय म्हणाली.

आजी पडद्यावर हसून हसून खोकायला लागली. मी मात्र तापले. फोन ठेवला आणि म्हटलं, "अगं, नर्स ना तू? मोडक्या पायाला बर्फावर नेतेस?"

ती खाली मान घालून म्हणाली, "एवढी पांढऱ्या केसांची बाई हाय ती. तिला नाय कसं बोलायचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. परीक्षेतही तिच्यासमोर वयाने मोठी बाई आली होती. तिनं जे जे सुचवलं, त्याला ही मम म्हणत गेली. घरी मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं की जर्मनमध्येही ती काकांसमोरच बसलेली असायची. इथे व्याकरण शिकवून काय होणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तोवर आषाढ लागला. कारखान्यातून तिची सुटका होईना, मग मीच तिकडे जायला लागले. दारात खुर्ची टाकून काका, आत रांगेने मूर्ती, रंगाचा वास, आणि कोपऱ्यात एका पाटावर ही, हातात कुंचला. हात गुंतलेले तरी तोंड मोकळं होतं. मी रंगाच्या डब्यांना टेकून फोन उभा केला आणि आजीला म्हटलं, आज आजारी मैत्रीण नको. आज दोघी मिळून गणपती करा. आजीला गणपतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

आजीने विचारलं, सुरुवात कशाने करायची? मग आपणच म्हणाली, आधी डोळे रंगवू, म्हणजे तो आपल्याकडे बघेल, मग बाकीचं अंग सावकाश रंगवू.

"नाइन," पोरगी म्हणाली. वरही बघितलं नाही. "दास गेट निश्ट." नाही, असं चालत नाही. आणि मग जी सुटली ती थांबेचना. डोळे शेवटी. आधी केले तर वरचा रंग उडून त्यात जातो. आणि एकदा डोळे झाले की तो नुसती माती राहत नाही, मग त्याच्या अंगावर रंगाचे हात कसे मारणार? आजी मुद्दाम अडून बसली. हिने कारण दिलं, दुसरं कारण दिलं, शेवटी म्हणाली, तुमचं एक बरोबर आहे, बघणारा देव लवकर बघावासा वाटतो, पण मला वेगळं वाटतं. व्याकरणाच्या चुका होत्या. त्या मी ऐकल्याच नाहीत. माझे डोळे भरून आले होते, आणि मी काही ऊठसूट रडणारी बाई नाही.

त्यानंतर रोज एक भांडण. आरास कशी करायची, मोदकात साखर की गूळ, विसर्जन कधी. मग तिथून हळूहळू पुन्हा आजारी मैत्रिणीवर आलो. आता मैत्रिणीचा पाय सुरक्षित होता.

परीक्षेची तारीख आली ती नेमकी श्रावणातली, पुण्याला. ऐन गर्दी. ती काकांसमोर उभी राहिली तेव्हा मी तिथेच होते. काका गिऱ्हाइकाची पावती फाडता फाडता म्हणाले, "गणपती होऊ दे. परीक्षा काय पलून जात नाय."

बोलायला माझी जीभ वळवळत होती. ती मी दाताखाली धरली. मनात म्हटलं, आता ही "व्हय काका" म्हणाली, की संपलं सगळं.

तिनं ओढणीला रंगाचे हात पुसले. मग म्हणाली, "तुमचं बरोबर हाय, काका. काम लय हाय. पण मला वेगलं वाटतं." काकांचा हात थांबला. ती पुढे बोलत राहिली. "गणपती झाल्यावर ती जागा माझी राहणार नाय. मोठ्या मूर्तींची आखणी मी जायच्या आधी उरकते. लहान मूर्ती धाकटीला देऊ, मी तिला शिकवलीय. तुम्हाला पटत नसंल तर दुसरं काय करता येईल ते सांगा. पण परीक्षेला मी जाणार."

धाकटी म्हणजे काकांचीच मुलगी. ती रंग कालवायची थांबली. आत काम करणारे सगळेच थांबले. काकांनी माझ्याकडे बघितलं. "हे तुम्ही शिकवलं का ओ, बाई?"

"व्हय," मी म्हटलं.

काकांनी पावती फाडली, गिऱ्हाइकाला दिली आणि तिला म्हणाले, "सांजच्या गाडीनं जाऊ नको. सकालची बरी."

ती पास झाली. पुढच्या वर्षी तिकडे गेली. आजीच्या गावापासून लांब आहे तिचा आश्रम, पण नाताळात दोघी भेटल्या आणि मला फोटो पाठवला. पाहून मला जरा हेवाच वाटला, कारण मी अजून आजीला प्रत्यक्ष भेटलेले नाही.

यंदा सीझनला मी कारखान्यात गेले होते. काकांनी तिला व्हिडिओ कॉल लावला होता आणि फोन एका मूर्तीच्या तोंडासमोर धरला होता. आखणी आता धाकटी करते. "बघ गो, बरे झालंत ना?"

तिकडून आवाज आला, "तुमचं बरोबर हाय, काका, पण..."

आतली सगळी पोरं हसायला लागली. पुढे काय येणार ते त्यांना पाठ होतं. डाव्या डोळ्याची रेघ जड झाली होती. धाकटी मुकाट्याने फडकं घेऊन पुढे आली.

फोन बंद झाला तरी काकांनी तो हातातच ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिकडं सगली व्हय काका, व्हय काका करतात. चुकलं तरी व्हय. मला नाय बोलणारं आता कोणच राह्यलं नाय ओ, बाई." त्यांनी धाकटीकडे बोट केलं. "हिला घ्या तुमच्या वर्गात. जर्मन नको. नुसतं ते नाय बोलायचं शिकवा."

मी म्हटलं, "ते सुटं मिळत नाही. एकीला शिकवलं, ती गेली. हीपण जाईल."

काकांनी धाकटीच्या पाठीकडे बघितलं. ती पुसलेल्या डोळ्यावर पुन्हा रेघ ओढत होती.

"बरं," ते म्हणाले. "मग दोन्ही शिकवा."