डावीकडचं दुखणं, उजवीकडचं कण्हणं

मुलांनो,

आजीच्या पित्ताशयात खडा झाला होता आणि तो ऑपरेशन करून काढला, असं तुम्हाला सांगितलं गेलं आहे. धाकट्याने तर मला मेसेज केला, ‘आजी, खडा टाकू नकोस, दिवाळीत आल्यावर बघणार.’ तो खडा पित्ताशयातला नाही. आपटा गावच्या नदीकाठून आणून मनी प्लँटच्या कुंडीत घातलेल्यांपैकी तो एक आहे. मला स्तनाचा कर्करोग झाला होता. तीन महिन्यांपूर्वी डावा स्तन काढला. तुमच्या परीक्षा गेल्या आठवड्यात संपल्या, म्हणून आत्ता लिहिते आहे.

बायॉप्सीचा रिपोर्ट इंग्रजीत होता आणि मला इंग्रजी वाचता येतं, ही आपल्या घरातली पहिली अडचण. आजोबांनी तो वाचला, त्याची घडी घातली आणि म्हणाले, “विशेष काही नाही. टेक्निकल आहे.” मी हात पुढे केला. मग मीही तो शेवटपर्यंत वाचला. चहा करायचं कुणालाच सुचलं नाही.

“कुणाला काही सांगायचं नाही,” शेवटी आजोबा म्हणाले. “सोसायटीत कळलं तर घरी रांग लागेल. आणि पोरीला तर मुळीच नाही. तिकडे एकटी रडत बसेल.”

“मग मी हॉस्पिटलात कशाला चालले आहे?”

त्यांनी थोडा विचार केला. “पित्ताशय.” त्यांच्या ऑफिसातल्या तिघांचं पित्ताशय काढलं होतं आणि तिघंही ठणठणीत होते, एवढाच त्यामागचा हिशोब. मीही मान डोलावली. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी सगळा दोष त्यांच्यावर ढकलला. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून मी फाइलवर ‘सोसायटी मेंटेनन्स’ असं लिहिलं. ती फाइल आपल्या घरात कुणीही कधी उघडत नाही.

घरी आले तेव्हा काखेखालून एक नळी बाहेर काढलेली होती आणि तिच्या टोकाला बाटली. जखमेतलं पाणी तिच्यात जमायचं. ती बाटली मी पदराआड पिशवीत ठेवायची. कुणी भेटायला आलं की आजोबा हळूच म्हणत, “अगं, उजवीकडे! पित्ताशय उजवीकडे असतं.” मग मी उजवीकडे हात धरायची. दुखायचं डावीकडे, कण्हायचं उजवीकडे, असं आठ दिवस चाललं.

खालच्या मजल्यावरची शेजारीण आली. “काकू, खडा दिला की नाही डॉक्टरांनी? माझ्या सासूबाईंचे सात निघाले. शोकेसमध्ये ठेवलेत.”

आजोबा उठले, बाल्कनीत गेले आणि जरा वेळाने खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत कुंडीतला एक खडा घालून घेऊन आले. शेजारणीने ती उजेडात धरली. “अगंबाई, एवढा? कसं हो सहन केलंत?” तिने फोटो काढला. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडून कुळथाचं कढण यायला लागलं, खडा पुन्हा होऊ नये म्हणून. कुळथाचा कर्करोगावर काय परिणाम होतो ते मला माहीत नाही. पण मी ते नेमाने प्यायले. थापेचीही पथ्यं असतात.

नळी काढताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मुलगी आहे ना तुम्हाला? तिला तपासून घ्यायला सांगा. वाट बघू नका.” आजोबा “हो, हो” म्हणाले आणि रिक्षात बसल्यावर म्हणाले, “दिवाळीत आली की बघू.” दिवाळीला सहा महिने होते. मी गप्प बसले. ही त्या सगळ्या काळातली माझी सगळ्यात वाईट गोष्ट.

पुढच्या आठवड्यात मी बाजारातल्या शिंपीणबाईंकडे गेले. माझे ब्लाउज वीस वर्षं त्याच शिवतात. डाव्या बाजूला आतून कापसाचा पॅड ठेवायला खिसा हवा होता. “पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ना,” मी सवयीने म्हटलं.

त्यांनी टेप हातात घेतली. “मॅडम, पित्ताशय ब्लाउजमध्ये कधीपासून यायला लागलं?”

मी इतकी हसले की जखम ओढली गेली. मग रडूही आलं.

“माझ्या खालाला, म्हणजे मावशीला, झालं होतं,” त्या म्हणाल्या. “आम्ही चौघी बहिणी जाऊन तपासून आलो. लेकीला कळवलंत ना?”

“नाही. उगीच फिकर करेल.”

“करू दे की. फिकर केली तरच जाईल ना डॉक्टरकडे?”

त्याच संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला. आजोबा खुणा करत होते. मी फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आणि तुमच्या आईला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग भडकली. “बाबांनी मला खड्याचा फोटो पाठवला होता! मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला, आई!”

“तू तपासून घे. मग हवं तितकं भांड.”

ती गेली. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आजोबांनी रोज तिला फोन केला आणि हवामान विचारलं. रिपोर्ट चांगला आला. आता दरवर्षी जायचं आहे. मग ती मला म्हणाली, “मुलांना इतक्यात सांगू नकोस हं, परीक्षा आहेत.” तेव्हा लेक कुणावर गेली आहे ते कळलं. मी परीक्षा संपेपर्यंत थांबले, त्यापुढे एक दिवसही थांबणार नव्हते. तुम्हा दोघांनाही डॉक्टर कधीतरी विचारतील, घरात कुणाला काय झालं होतं. त्यांना पित्ताशय सांगू नका.

आता काय राहिलं आहे ते लिहिते. उजवा स्तन आहे. डावा हात रोज भिंतीवर बोटं चढवून चढवून कानापर्यंत वर जातो, त्यापुढे अजून नाही. औषधं काही वर्षं चालतील. आजोबा आहेत. तुमची आई आहे, आणि तिला सगळं ठाऊक आहे.