वर्षाला एक इयत्ता

आमचे भावोजी, दत्ताराम गमरे, सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुतात. मी त्यांचा मेव्हणा आकाश. टेम्पो चालवतो, पंप लावतो आणि भावोजी कमिटीसमोर बोलत असतात तेव्हा कोपऱ्यात गप्प उभा राहतो. या तिन्ही कामांत शेवटचं सगळ्यात जड आहे.

भावोजींना बोलायची देणगी आहे, यात वाद नाही. गावाला, गुहागरच्या बाजूला, जयंतीच्या कार्यक्रमात निवेदन तेच करायचे. गायन पार्टी हमखास उशिरा यायची आणि तोवर समोरच्या माणसाला उठू न देणं हे त्यांचं काम. पण धंद्यात त्या तोंडाचा काही उपयोग होईना. कमिटीवाले रेट विचारायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि कधीच कळवायचे नाहीत. मग कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही वाशीला छोट्या धंदेवाल्यांच्या शिबिराला गेलो. मसाले विकणाऱ्या बायका, झेरॉक्सवाले, एसी दुरुस्त करणारे, सगळे शाळेत बसल्यासारखे ओळीत बसलेले. क्षिप्रा नावाची मुलगी शिकवत होती. ती म्हणाली, मालाचे गुण सांगू नका, गोष्ट सांगा. धंदा का सुरू केलात, संकट काय आलं, त्यातून कसे बाहेर पडलात, ते सांगा.

भावोजी उठले आणि त्यांनी खरं ते सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी क्रांती तिसरीत असताना काविळीने वारली. पाण्यानेच झालं की आणखी कशाने, हे डॉक्टरांनी ठामपणे कधी सांगितलं नाही. पण बिल्डिंगची टाकी कित्येक वर्षं कुणी उघडलेली नव्हती. तिचा जलदान विधी उरकल्यावर भावोजी बादली आणि ब्रश घेऊन त्या टाकीत उतरले ते अंधार पडल्यावरच वर आले. धंदा तिथून सुरू झाला.

हॉलमध्ये कुणी हलेना. क्षिप्राचेही डोळे भरून आले, पण तिने डोळे पुसले आणि कामाचं बोलली. "सर, खूप स्ट्रॉंग आहे. फक्त शेवट बदलावा लागेल. गोष्ट दुःखात संपली तर लोक चहा देतात, काम देत नाहीत."

मी त्या मुलीला दोष देत नाही. ती म्हणाली ते खरं निघालं, वैताग त्याचाच आहे.

तेव्हापासून भावोजींच्या गोष्टीतली क्रांती बरी होऊ लागली. टाकी धुऊन झाली त्याच संध्याकाळी तिने हॉस्पिटलात पहिल्यांदा वरणभात मागितला, असं ते सांगत. मग कुणीतरी विचारायचंच, "आता कितवीला आहे?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते 'पाचवीला' म्हणाले. पुढच्या जूनमध्ये सहावीला. शाळा सुरू झाल्या की भावोजी तिला एक इयत्ता पुढे न्यायचे. मला आधी काही सांगायचे नाहीत. भाची सातवीत गेली, आठवीत गेली, हे मला परक्या लोकांच्या सोसायटी ऑफिसात कळायचं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात. आम्ही काय विकत होतो, त्याचा मी विचार करत नसे.

कामं मात्र मिळू लागली. सुरुवातीला त्यांचा आवाज आपोआप फुटायचा. पुढे तो ते ठरल्या जागी फोडायला शिकले. बाहेर आल्यावर जिन्यात बसून राहायचे, आणि मी पाण्याची बाटली पुढे केली की म्हणायचे, "थांब रे जरा." मला त्या गोष्टीचा कंटाळा आला होता आणि आपल्याच भाचीच्या गोष्टीचा कंटाळा येतो म्हणून स्वतःचाही राग यायचा.

शर्मिलाताईला, म्हणजे माझ्या बहिणीला, यातलं काहीही ठाऊक नव्हतं. वर्षातून एकदा विहारात तिच्या आठवणीचं पुण्यानुमोदन व्हायचं. ते सोडलं तर घरात क्रांतीचं नाव कुणी काढत नसे.

यंदा धंदा बसत चालला. मोठ्या कंपन्या मशीन घेऊन उतरल्या, त्यांचे रेट कमी. भावोजींचे गुडघे शिडी बघूनच कुरकुरायला लागले होते. अशात घणसोलीच्या एका नऊ इमारतींच्या सोसायटीचं वर्षाचं कंत्राट निघालं. ते मिळालं असतं तर वर्षभर दारोदार फिरणं थांबलं असतं. नाहीतर टेम्पो विकायचा, असं आमचं ठरलंच होतं.

मीटिंग रविवारी होती आणि त्याच दिवशी ऐरोलीला आमच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न. त्यामुळे ताई नवी साडी नेसून टेम्पोत. मी तिला खालीच बसायला सांगितलं होतं. पण सेक्रेटरी राजनंदिनी मॅडम गेटवर भेटल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, उन्हात कशाला बसताय? वर या, फॅन आहे." चांगली माणसं नको तिथे चांगली वागतात. ताई आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

भावोजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गोष्ट गिळली. गाळ कसा काढतो, भिंती कशा घासतो, क्लोरीन किती टाकतो, एवढंच सांगत बसले. इतकं वाईट बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लोक मोबाईल बघायला लागले. खजिनदार म्हणाले, "दुसऱ्या पार्टीचा रेट कमी आहे आणि मशीन पण आहे." काम गेलं होतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

तेवढ्यात पलीकडे बसलेले एक म्हातारे सदस्य म्हणाले, "गमरे, तुमी नेरूळला माझ्या मुलाच्या सोसायटीत आला होतात ना? ती मुलीची गोष्ट सांगा की यांना. कावीळ झालेली, तुमी टाकीत उतरलात, ती. दहावीला होती ना तेव्हा? आता कितवीला आहे?"

सगळे मोबाईल खाली झाले. भावोजींचं तोंड उघडं राहिलं. मैदान धरून ठेवणारा माणूस, पण एक शब्द फुटेना. मी ताईकडे बघायची हिंमत केली नाही.

"बारावीला," ताई म्हणाली. "सायन्सला आहे."

तिला मोजावं लागलं नाही. तिला कुणी सांगितलंही नव्हतं. भावोजी कमिट्यांमधून पोरीला वरच्या वर्गात घालत होते आणि ताई स्वयंपाक करता करता, कुणाला न सांगता, तेच करत आली होती.

पुढची गोष्ट त्या म्हाताऱ्यांनीच सांगितली, थोडी चुकीची, पण रंगवून. राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, एक तारखेपासून सुरू करा. "आणि मुलीला बोर्डासाठी ऑल द बेस्ट सांगा."

"सांगते," ताई म्हणाली.

टेम्पोत आम्ही तिघं पुढे बसलो. रबाळ्याच्या सिग्नलला भावोजी म्हणाले, "मी आता बंद करतो ही गोष्ट. यांना पण जाऊन खरं सांगतो."

ताईने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती समोर बघत होती.

"दहावीला किती पडले म्हणून सांगितलंत?"

"बहात्तर टक्के."

"एवढेच?" ताईला खरोखर राग आला होता. "आपली पोर नव्वदच्या खाली आली नसती."

भावोजींनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"जास्त सांगितले की लोकांना खोटं वाटतं," ते म्हणाले.